अडतीस सेकंद

“पेशंटचं नाव टाकलं की मेलं सॉफ्टवेअर चाळीस सेकंद नुसतं गोल फिरत बसतं,” हॉस्पिटलच्या काउंटरवर बसणारी थोरली जाऊ शेंगा सोलताना कुरकुरली. “रांगेतले माझा उद्धार करतात. साहेब म्हणतात, चाचणीच्या अहवालात दोनच सेकंद आहेत, म्हणजे तुमचाच हात जड! सोमवारपासून काउंटर दुसरीला.”

ते सॉफ्टवेअर धाकट्या जावेच्या कंपनीचं; त्याची चाचणीही तिनेच घेतली होती. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायचं कोणी? सासूबाईंनी उगाच पंखा वाढवला. धाकटी मघापासून एकच शेंग सोलत होती.

“ताई, दोन सेकंद प्रोसेसर राबतो,” ती शेंगेकडे बघतच म्हणाली. “उरलेले अडतीस तो माहिती यायची वाट बघत ताटकळतो, आणि त्याच्याबरोबर तुम्ही. तेही मोजले होते मी. आमचं काम नापास होईल म्हणून लिहिले नाहीत.”