पुढचं बाळाबाईचं

चिमणाबाई पाचव्यांदा गाण्याच्या ओळीत अर्ध्यावर थांबल्या.

काचेपलीकडून निशिगंधानं हात हलवला. "मावशी, पुढं म्हणा की!"

"पुढचं बाळाबाईचं," डोक्यावरचा हेडफोन पदरासकट सावरत चिमणाबाई म्हणाल्या.

"पण तुम्हाला येतंय न्हवं ते?"

"येतंय की. पर म्हटलं न्हाय कवा."

निशिगंधानं कपाळाला हात लावला. राजारामपुरीतल्या घराच्या मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या ठोकून तिनं हा स्टुडिओ उभा केला होता. गाणंही तिनं एकटीनंच उभं केलं होतं, आठ महिने खपून. ढोल, बासरी, झांजा, सगळं लॅपटॉपमधून. वादकांना बोलवायचं म्हणजे त्यांचा चहा, त्यांचे रुसवे आणि वर त्यांची मतं! त्यापेक्षा माझं मी करते, हे तिचं ठरलेलं. फक्त रोपलावणीच्या गाण्याचा खरा आवाज तिला कुठल्याच बटणात सापडला नव्हता. म्हणून आजऱ्याजवळच्या वाडीतून या दोघी जावा सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. पाचच्या गाडीनं त्या परत जाणार होत्या आणि उद्यापासून गुडघाभर चिखलात उभ्या राहणार होत्या. पुण्याच्या गाण्यांच्या कंपनीला हे गाणं आज रात्री हवं होतं. शेतातल्या बायांचा खरा आवाज नसेल तर पाठवूच नका, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. आणि साडेतीन वाजून गेले होते.

सहाव्यांदा चिमणाबाईंनी सगळी ओळ म्हटली. गळा तोच, पण पुढचा अर्धा भाग त्यांनी वाणसामानाची यादी वाचावी तसा वाचून टाकला.

मग बाळाबाईंची पाळी आली. त्या माइकसमोर तोंड मिटून उभ्या राहिल्या. ढोल वाजला, बासरी येऊन गेली, बाळाबाई आपल्या गप्प.

"मावशी, सुरू करा की!"

"कुणी हाक घातल्याबिगर ओ कशी देऊ, बाय?"

मिनतवाऱ्या करून निशिगंधानं त्यांच्याकडून कसाबसा एक तुकडा काढून घेतला. प्रत्येकीचा आवाज वेगळा, स्वच्छ मिळाला की झालं, जोडायचं काम आपलं, असा तिचा हिशेब. चिमणाबाईंचा तुकडा पुढं, बाळाबाईंचा मागं, जोड ठेक्यात अगदी बरोबर बसला. तिनं दोघींना बोलावून तो ऐकवला.

दोघींनी गंभीर चेहऱ्यानं ऐकून घेतलं.

"ह्ये कोण म्हणतंय?" बाळाबाईंनी विचारलं.

"आमीच की," चिमणाबाई म्हणाल्या. "पर भांडण झाल्यावानी."

निशिगंधाला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. चिमणाबाईंचं खरं होतं. तिच्या आठ महिन्यांच्या गाण्यात सगळे असेच होते, एकमेकांशी न बोलणारे. ती उठली, माइक काचेआडून उचलून खोलीच्या मधोमध आणून ठेवला आणि स्वतः घडवलेला ढोल बंद करून टाकला.

"हेडफोन काढा. दोघी इकडं या. शेतात म्हणता तसं म्हणा."

"वाकू व्हय गं?"

"वाका की!"

दोघी खांद्याला खांदा लावून किंचित वाकल्या. कुणी एक-दोन-तीन म्हटलं नाही.

"वरल्या वाफ्याचं पाणी गं खालच्या वाफ्यात आलं..."

चिमणाबाईंचं 'आलं' अजून तोंडातच होतं, तेवढ्यात बाळाबाईंनी ते उचललं.

"थोरल्या जावंचं गाणं गं धाकल्या जावंनं न्येलं!"

दोन आवाज क्षणभर एकमेकांवर चढले, घासले आणि त्यातून तिसराच सूर निघाला. तो ना हिचा होता, ना तिचा. निशिगंधाच्या अंगावर सर्रकन काटा आला. हेच, हेच हवं होतं तिला! आनंदानं तिला नाचावंसं वाटत होतं, पण माइक चालू होता, म्हणून ती नुसतीच तोंडावर हात दाबून उभी राहिली.

एकामागून एक सहा कडवी झाली. रेकॉर्डिंग थांबवायला ती वळली, पण चिमणाबाई कुठल्या थांबतायत! काम सोडून बांधावर कुणी नुसतं उभं दिसलं की त्याच्यावर कडवं जोडायचं, ही त्यांची जुनी खोड.

"कोल्हापूरची पोरगी गं यंत्रापुढं बसली..."

बाळाबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि हनुवटीनं निशिगंधाकडं खूण केली. निशिगंधा आ वासून बघत राहिली.

"पडली की गं ओळ खाली!" बाळाबाई ओरडल्या. "तिचा शबुद संपायच्या आत धरायचा. चल, मदी ये."

"मावशी, मला गाता न्हाय येत."

"आमाला तरी कुटं येतंय!" म्हणत चिमणाबाईंनी तिला दंडाला धरून दोघींच्या मधे ओढलं आणि ओळ पुन्हा सुरू केली.

"कोल्हापूरची पोरगी गं यंत्रापुढं बस..."

या खेपेला निशिगंधानं वाट पाहिली नाही. आवाज फाटला, सूर कच्चा लागला, पण तिनं ओळ धरली.

"आठ महिनं एकली गं आज तुमच्यात घुसली!"

'घुसली' तिच्या ओठांवर असतानाच बाळाबाई पुढच्या कडव्यात शिरल्या होत्या.