उलटा पीळ

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर मी पौडच्या बाजारातून परतत होतो. शेजारचा कुशाबा वाटेतच भेटला. "दादा, डोंगरावर वहिनीला फुरसं चावलं. न्हाई राहिली."

सकाळी गवत कापायला निघताना माझी बायको धोंडा म्हणाली होती, "दुपारी भारा उचलून द्याया या. तुमी आल्याबिगर मी उतरायची न्हाई." भारा एकट्याने डोक्यावर घेता येत नाही. मी मात्र बाजारात रेंगाळलो.

तेराव्यानंतर, ती गेली त्या कोकणच्या कड्यावरच्या आमच्या रानात गेलो. तिथे गवताचा एक ताजा भारा बांधलेला होता. दोराचा पीळ उलटा होता. धोंडा डावखुरी होती.

"कुणी बांधला रं?" मी कुशाबाला विचारलं.

"माझंच मला आवरंना, तुमचा कशाला बांधू?"

मी भारा सोडून गवत पसरलं. दुसऱ्या सकाळी तो पुन्हा बांधलेला होता. शेजारी माणूस उकिडवा बसावा एवढं गवत दबलं होतं.

मी वाकून भारा धरला. पलीकडची बाजू माझ्याआधी वर आली.

माझे हात सुटले. मी पळत खाली आलो.

धोंडाला भारा उचलून द्यायचा अजून राहिला आहे.