उजव्या बाजूची खुर्ची

"पहा काका, हा बॅक हाये का फॉरवर्ड? तुम्हीच सांगा!" विक्कीने मोबाईल नागसेनच्या नाकासमोर धरला.

मोबाईलमध्ये कोलकात्याचा सुबीर राइट बॅकच्या जागेवरून सुटला, दोघांना हुलकावणी देत थेट पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोचला आणि तिथून त्याने असा बॉल टाकला, की पुढच्याने नुसतं डोकं लावायचं बाकी. परवाच गावच्या फुटबॉल क्लबने त्याला घेतलं होतं आणि तेव्हापासून कन्हानच्या पोरांना दुसरं काही सुचत नव्हतं.

"नाई तं आपला बॅक," मागून कोणीतरी म्हणालं, "मधली लाइन ओलांडाची म्हटलं तं घरी विचारून येते!"

सगळे खो खो हसले. मग ज्याला घरी विचारायचं, तो बापच समोर खुर्चीवर बसलाय हे ध्यानात आलं. विक्कीने जीभ चावली.

"हसा गा, हसा," नागसेन म्हणाला. "खोटं थोडीच बोलून राहिला तो."

पण लागायचं ते लागलंच. नऊ वर्षं त्याच्या पोराने, प्रीतमने, राइट बॅकची ती जागा सांभाळली होती, आणि नऊ वर्षं नागसेन आपली प्लास्टिकची खुर्ची घेऊन उजव्या बाजूच्या लाइनीलगत बसत आला होता. प्रीतमची नजर बॉलवर असली, की त्याच्या पाठीमागून कोण घुसतंय ते नागसेन पाहायचा आणि "पीछे!" म्हणून असा ओरडायचा, की नदीवरचे बगळे उडावेत. तीस वर्षं खाणीत यंत्रांच्या गोंगाटावर बोलून कमावलेला गळा तो. हाफटाइमनंतर बाजू बदलल्या की खुर्ची उचलायची, गोलपोस्टमागून वळसा घालायचा आणि पलीकडच्या लाइनीवर जाऊन बसायचं. आपला राइट बॅक दोघं बापलेक मिळून खेळतात, असं क्लबात म्हणत.

आज आपसातलाच सामना होता. रविवारी लीग सुरू होणार. ट्रेनर रुपरावने सकाळीच सांगून टाकलं होतं, की राइट बॅकची दोन नंबरची जर्सी सुबीर घालेल आणि प्रीतम पिवळी बनियन घालून समोरून त्याच्याच अंगावर जाईल. "दोघांत जो भारी पडंल तो रविवारी खेळंल. मंग माह्याजवळ येऊन कोणी रडाचं नाई."

नागसेनने घरून निघतानाच ठरवलं होतं. आज तोंडाला कुलूप.

शिट्टी वाजली. सुबीर मोबाईलमध्ये होता तसाच निघाला, उलट कांकणभर सरसच. बॉल मिळाला की सुसाट पुढे. "बाप्पा बाप्पा! पाहून घे बे!" विक्की नाचत होता. पण सुबीर पुढे गेला की त्याच्यामागे आख्खं अंगण मोकळं पडत होतं. नागसेनला ते दिसलं. प्रीतमलाही दिसलं होतं. तो सुबीरच्या मागे धावलाच नाही, लाइनीलगत उभा राहून वाट पाहत राहिला. थांब बेटा, नागसेन मनात म्हणाला, थोडा दम धर, तो चुकतेच.

हाफटाइमला दोनेक मिनिटं असतील. सुबीरने टाकलेला बॉल पिवळ्यांच्या गोलकीपरने झेलला. सुबीर उलट्या पावलांनी मधल्या लाइनीपर्यंत परतला, पण नजर पुढेच, गोलकीपरच्या हाताकडे. प्रीतम गुपचूप त्याच्या पाठीमागे सरकला. बॉल उडाला. मैदान मोकळं, समोर गोल, आणि प्रीतम सुटला. नागसेन खुर्चीतून उठला. त्याच्या पुढ्यात दोन नंबरची पाठ होती आणि तिच्यामागून धावत निघालेला एक माणूस होता.

"पीछे!"

तोंडातून सुटल्यावर त्याला कळलं. तोवर सुबीर गर्रकन वळला होता. जिवाच्या आकांताने धावत त्याने प्रीतमला गाठलं आणि त्याच्या वीतभर आधी पाय घालून बॉल लाइनीबाहेर ढकलला.

"काय स्पीड हाये बे!" पोरांनी मैदान डोक्यावर घेतलं. धापा टाकणाऱ्या सुबीरने खुर्चीकडे बघून अंगठा वर केला. "थँक यू, काका!"

प्रीतम कमरेवर हात ठेवून बापाकडे बघत होता. नागसेनला मान वर करवेना. पोटच्या पोराचा गोल बापानेच खाल्ला होता. आपली जीभ झडून का गेली नाही, असं त्याला झालं.

हाफटाइमला सगळी पोरं सुबीरभोवती सेल्फी काढायला धावली. नागसेन बसल्या जागी बसून राहिला.

प्रीतम आला. बापाच्या पायाशी ठेवलेली बाटली उचलून घटाघटा पाणी प्यायला.

"माह्या हातून चुकलं गा," नागसेन म्हणाला. "सवयीनं निघून गेलं."

"उठा बाबा. बाजू बदलली."

"मी नाई येत. तिकडं आलो का माह्यं तोंड चालते. इथूनच पाहतो."

"तोंड चालते म्हणूनच उठा म्हणून राहिलो." प्रीतमने बाटलीचं झाकण लावलं. "त्या सुबीरले मागचं दिसत नाई."

नागसेन काही बोलायला उठला. पण तोवर प्रीतमने खुर्ची उचलून डोक्यावर पालथी घेतली होती आणि गोलपोस्टमागून वळसा घालत तो चालू लागला होता. पलीकडे पोचल्यावर त्याने ती लाइनीलगत ठेवली, डुगडुगते का ते हाताने दाबून पाहिलं आणि दोन नंबरच्या जागेकडे तोंड करून नीट लावली.