वळणावरची आरोळी

"आता बकारामकाकांची पाळी," हिमांशु सवयीनं बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

बकारामच्या जागी यंदा त्याची बायको बसली होती, धुरपताबाई. नवेगावचा बांध, तो अख्खा तलाव, धुक्यात बुडालेला. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, याचा पत्ता नव्हता. तीन दगडांच्या चुलीशी बसलेली पाचसहा माणसंसुद्धा स्वप्नात असल्यासारखी हळू बोलत होती.

पाखरं पाहायचा नाद असलेली ही मंडळी दर नाताळाला इथं जमत. नाताळ त्यांच्यातल्या रीता सिस्टरच्या घरचा, पण सुट्टी सगळ्यांची. आधी चिठ्ठ्या उचलायच्या, नाव निघेल त्याला भेट द्यायची, आणि सकाळची बदकं पाहून झाली की चहा पिता पिता कोणी काय दिलं, कोणाला काय मिळालं ते सांगायचं. श्यामलालला लोकरीची टोपी मिळाली होती. ती त्याच्या डोक्याला लहान होती, तरी तो काढायला तयार नव्हता.

"काकांचं काय सांगू," हिमांशु सावरून म्हणाला. "एका नाताळाला माझी चिठ्ठी त्यांनी उचलली होती. दिलं काहीच नाही. विचारलं तर म्हणे, देलो ना."

सगळे हसले. प्रेमानंच हसले, पण धुरपताबाईला ते लागलं. गेलेल्या माणसाला जाब देता येत नाही.

"हसून काऊन राहिले?" ती म्हणाली. "देलो म्हणे, तर देलं असन. तो बोलतच नव्हता, खोटं कुठून बोलन?"

ते मात्र खरं होतं. बकाराम म्हणजे मुलखाचा मुखदुर्बळ. बायकोला नावानं हाक मारायची त्याला जन्मभर लाज. बांधावरून घरी येताना तो वळणावरून नुसती एक आरोळी द्यायचा. ती ऐकली की धुरपताबाई चहा मांडायची, आणि तो दारात पोचेस्तोवर चहाला उकळी आलेली असायची. भादव्यात तो तापानं गेला आणि घर मुकं झालं. फोटो होते रग्गड. फोटो बोलतो थोडाच. तिला त्याचा आवाज हवा होता, एकदा, एवढासा का होईना.

तिनं या सगळ्यांना विचारून पाहिलं होतं. हिमांशुनं आपले सारे व्हिडिओ धुंडाळले. पण पाखरं पाहणारी माणसं बोलतात कुठं? प्रत्येक व्हिडिओत बकाराम ओठांवर बोट ठेवून उभा.

यंदा धुरपताबाईची चिठ्ठी हिमांशुनं मुद्दाम मागून घेतली होती. त्यानं लाडवाएवढा एक स्पीकर तिच्या मांडीवर ठेवला.

"काकांचा आवाज नाही सापडला, काकू," तो खाली मान घालून म्हणाला. "पण त्यांच्या आवडीचा आवाज आणला. आपला सारस."

धुरपताबाई सोडता हा सारस सगळ्यांच्या ओळखीचा होता. तीन हिवाळे हिमांशु सारसासाठी वणवण फिरला होता, आणि एकही दिसला नव्हता. पोरगं खचलं, कॅमेरा विकून मोकळा होतो म्हणू लागलं. त्याच नाताळाला, बकारामनं त्याची चिठ्ठी उचलली होती त्याच सकाळी, असंच दाट धुकं होतं. बकाराम एकटाच पुढं लव्हाळ्याच्या आड गेला होता, आणि सारस ओरडला. एक जवळून, दुसरा लांबून. दिसलं काहीच नाही, पण हिमांशुनं आवाज पकडला. त्या आवाजानं त्याचं नाव झालं, लांबलांबची माणसं तो ऐकायला आली. नाद सोडायची भाषा त्यानं पुन्हा कधी केली नाही.

त्यानं बटण दाबलं. आधी पाण्याची चुळुकचुळुक ऐकू आली. मग अगदी जवळून आवाज उठला. उंच, लांबलेला, शेवटाला जरासा दम तुटलेला.

धुरपताबाईचा कप हातातच राहिला. वळणावरून रोज यायची ती ही आरोळी सारसाची असते, हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी त्या आरोळीचा अर्थ एकच होता. चहा मांड.

मग लांबून दुसरा सारस ओरडला. ते खरं पाखरू होतं. जवळचा मात्र बकाराम होता. त्यानं हाक दिली होती, आणि धुक्यातून एका खऱ्या सारसानं त्याला ओ दिली होती. अन् म्हणे भेट दिली नाही. पोराला सारस दिला होता, आणि वर ब्र काढला नव्हता.

"ऐकली ना जोडी?" हिमांशुचे डोळे चमकत होते. "जवळचा नर आहे म्हणतात."

"नरच आहे," धुरपताबाई म्हणाली.

पुढचं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं हिमांशुच्या तोंडाकडं पाहिलं आणि ते गिळून टाकलं. नवऱ्यानं दिलेली भेट आपण कशी परत घ्यायची?

"बाबू, आणखी एक वेळ लाव."

त्यानं लावला. आरोळी पुन्हा धुक्यात गेली, पाण्यावर पसरली. धुरपताबाई पदरानं डोळे पुसत उठली. तिनं चहाचा गंज विसळला, पाणी ओतून चुलीवर ठेवला आणि लाकूड आत सारलं.

"चहा तर आत्ताच झाला ना, काकू?" हिमांशुनं विचारलं.

"एक माणूस वाढला," धुरपताबाई म्हणाली.