चौकटीतला मामा

तिसरा कॅमेरा डोळ्याला लावला, तरी त्यातली हिरवी चौकट टुणकन उडून मामाच्याच चेहऱ्यावर बसली.

चिमणीला हवा होता दुकानाच्या काचेपलीकडचा रस्ता. पण समोर मामा. त्याचा चेहरा एवढा ऐसपैस, की तो खळखळून हसला तर भिंतीवरचं घड्याळ बिचारं सरकून जागा देई. आणि हे नवे कॅमेरे तर चेहरा दिसला रे दिसला की झडप घालणारे. ती डावीकडे वळली, मामाही वळला. ती वाकली, तर हिचं काय पडलं म्हणून मामाही वाकला.

"बघा, कसा पकडतो!" मामा दुकानदाराला म्हणाला. "लग्नात हेच लागतं. नवरी शिंकली तरी डोळे स्पष्ट!"

मामाचं लग्नाच्या फोटोंचं काम जोरात होतं. चिमणी फोटोग्राफी शिकते, असं घरचे सांगत. पण कॉलेजातल्या बाईंनी रस्त्यावरचे फोटो मागितले, की नेमकं त्याच दिवशी कुणाचं तरी लग्न निघे आणि मामा हिला मदतीला नेई. लोक जणू हिचं वेळापत्रक बघूनच प्रेमात पडत.

"आवडेल तो घे, मी देतो," मामा म्हणाला. "मात्र कोर्स संपला की तू आणि हा, दोघंही माझ्याकडे. कायमचे."

गळ्यातला पट्टा चिमणीला एकाएकी काचायला लागला. तिने कॅमेरा काढून ठेवला आणि कपाटाच्या तळाशी पडलेल्या एका जुन्याकडे बोट केलं. "हा?"

"तो आपणहून काही पकडत नाही, ताई," दुकानदार म्हणाला. "फोकससाठी रिंग हाताने फिरवायची. तुमच्या पिशवीतला आत्ताचा कॅमेरा बदल्यात द्या आणि हा घेऊन जा, वर पैसे नकोत."

मामाने कपाळाला हात लावला. "अगं, जग पुढे चाललंय आणि तू उलटी कुठे निघालीस? याने माझं एक तरी लग्न होईल का?"

"एकही नाही."

"मग कशाला हवाय?"

"म्हणूनच, मामा."

दुकानदाराने स्वच्छ असलेली काच उगाचच पुसायला घेतली. मामाचं हसू मिशीतच अडकलं. पण तो समोरून काही हलला नाही.

चिमणीने जुना कॅमेरा डोळ्याला लावला आणि रिंग सावकाश फिरवली. मामा आधी कडेकडेने विरघळला, मग नाक गेलं, मग मिशी. आणि त्याच्या खांद्यावरून अख्खा रस्ता लख्ख दिसू लागला.