दुभाष्यानं न सांगितलेलं वाक्य

"सांगा त्यांना," फ्रेंच कप्तान लामोत म्हणाला, "आमच्या बादशहानं रशियाशी तह केलाय. रशियाविरुद्ध आता आम्हाला तुमच्याबरोबर उभं राहता येणार नाही."

दुभाष्या मिर्झा नजफकुलीला ते फारशीत सांगायला वेळ लागला. इराणातल्या तब्रीजच्या कवायतीच्या मैदानात समोर वजीर उभा होता, त्याच्यामागे या कप्तानानंच शिकवलेल्या नव्या पलटणीचे तीनशे शिपाई. फ्रेंचांशी करार व्हावा म्हणून हाच मिर्झा त्यांच्या छावणीत दोन महिने तळ ठोकून बसला होता. मुल्लांनी 'ही काफिरांची कवायत' म्हणून गिल्ला केला, तेव्हा त्यानं आपल्या धाकट्या भावाची, अलायारची दाढी भर चौकात उतरवली आणि त्याला पलटणीत घातलं.

"रशियन अरस नदीवर येऊन ठेपलेत म्हणावं," वजीर म्हणाला. "आणि विचार त्याला, आमच्या करारावरची शाई तरी वाळू द्यायची होतीत!"

कप्तानानं मान खाली घातली. "मी शिपाईगडी. हुकूम आला की यायचं, हुकूम आला की जायचं."

"येताना मित्र म्हणवत होतात," मिर्झानं आपल्याच मनचं विचारलं.

"तेव्हा होतोच की."

घोड्यावर बसता बसता कप्तान थांबला. "पोरं चांगली तयार झालीत, मिर्झा. काही झालं तरी रांग मोडत नाहीत. फक्त माघार कशी घ्यायची, ते शिकवायचं राहिलं. पुढच्या महिन्यात घेणार होतो."

"काय म्हणतोय?" वजिरानं विचारलं.

मिर्झानं पलटणीकडे पाहिलं. सगळ्यांचे कान त्याच्याकडेच होते.

"काही नाही, हुजूर. निरोप घेतोय."

अकराव्या दिवशी अरसच्या काठी रशियनांशी गाठ पडली. इराणी टोळ्यांचे घोडेस्वार बापजाद्यांच्या रिवाजानं चहूकडे उधळले आणि वाचले. नवी पलटण जागची हलली नाही.

संध्याकाळी प्रेतं उचलायची परवानगी मिळाली. माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती, तशीच आडवी झाली होती. मिर्झा एकेक तोंड पाहत गेला. अलायार सापडला तेव्हा त्याच्या गालांवर नुकते खुंट उगवू लागले होते. मिर्झा खाली बसला आणि त्याचे डोळे मिटू लागला.

मागून वजीर आला. मग घसा खाकरून हळूच म्हणाला,

"मिर्झा, इंग्रजांचा वकील बंदरात उतरलाय. त्यांची भाषा येते का रे तुला?"