लिफ्टमन काका

पडद्यावर मालिकेतल्या आजोबांचा फोटो आला आणि सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. चौथ्या रांगेतल्या म्हाताऱ्या नटाने बायकोच्या कानाशी तोंड नेलं. घशाच्या ऑपरेशननंतर त्याचा आवाज गेला होता. उरली होती ती नुसती फुसफुस, आणि तीही फक्त तिलाच कळायची.

"शूटिंग संपलं की हा माझ्याच चपला घालून घरी जायचा."

ती खुदकन हसली.

मग मालिकेतली आई आली. वरच्या मजल्यावरचा भांडकुदळ डॉक्टर आला. एकेक करत गेलेली माणसं पडद्यावर येत होती. सगळी तरुण, सगळी हसरी. त्या सगळ्यांच्या आठवणीसाठीच हा कार्यक्रम होता. या दोघांना आमंत्रण नव्हतं. "जुन्या पत्त्यावर गेलं असेल," असं म्हणत बायकोनेच तिकिटं काढली होती. कुणी ओळखलंच तर, म्हणून तो सकाळी दोनदा दाढी करून आला होता.

डॉक्टरच्या मागोमाग लिफ्टमन आला. खाकी गणवेश, तिरकी टोपी, मिशीत दडलेलं हसू.

तो त्याचाच फोटो होता.

चुकून आला असेल, त्याला वाटलं. पण फोटो हलेना. खाली बाकीच्यांसारखीच काळी पट्टी होती.

"आपले लाडके लिफ्टमन काका," निवेदिकेचा आवाज कापरा झाला. "शेवटी कुठे होते, कधी गेले, आपल्याला कळलंसुद्धा नाही. चला, त्यांचं ते वाक्य आज आपण सगळे मिळून म्हणू या."

"सांभाळून हं, पायाखाली बघा!" अख्खं सभागृह एका सुरात ओरडलं. सवयीने त्याचेही ओठ हलले.

बायको ताडकन उठली. "अहो, थांबा! हे इथे आहेत! चांगले जिवंत आहेत!"

टाळ्यांच्या कडकडाटात तिचं बोलणं कुठल्या कुठे विरून गेलं. "आजी, खाली बसा ना, दिसत नाहीये," म्हणत मागून कुणीतरी तिला खांद्याला धरून बसवलं.

त्याच्या शेजारची बाई डोळे पुसत होती. "किती गोड माणूस होता, नाही?" ती त्यालाच म्हणाली.

त्याने सगळा जोर एकवटला. "मी... मीच तो." घशातून नुसती हवा आली.

"हो ना," बाई म्हणाली, "माझाही गळा दाटून आलाय."

पडदा काळा झाला. निवेदिकेने सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची विनंती केली. खुर्च्या करकरल्या. पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून तोही सावकाश उठला. बायको मात्र जागची हलली नाही. त्याने तिला हाताने खूण केली.

"मी नाही उठणार," ती म्हणाली.

तो तिच्याकडे वाकला. "अगं, बाकीचे तर खरंच गेलेत."

तिने मान फिरवली. सगळं सभागृह माना खाली घालून उभं होतं. ती एकटीच बसून राहिली, त्याचं मनगट मुठीत घट्ट आवळून.